अक्काची दांडीची सायकल

गेल्या महिन्यात माझी भाची रेखा मला नांदेडच्या एका सायकलच्या दुकानात घेऊन गेली. रेखा त्रेचाळीस वर्षांची. कॉलेजात होती तेव्हा डोंगरातून सायकल हाणायची. मग लग्न, पोरं, नोकरी, आणि सायकल सुटली ती सुटलीच. आता पुन्हा हुक्की आली होती. डोंगरवाटेवर चालणारी, जाड टायरची सायकल घ्यायची म्हणाली आणि सोबतीला मला ओढलं. मला गुडघ्यांपायी जिना चढवत नाही, मी सायकलीत काय सल्ला देणार कपाळ! पण बसले बापडी स्टुलावर. दुकानातला माणूस अर्धा तास गिअर, ब्रेक, शॉकअप असं काय काय सांगत होता. शेवटी तीन सायकली उरल्या आणि रेखा म्हणाली, "मावशी, आता तूच सांग, कोणती घेऊ?"

"उचलून पाहिलीस का?" मी म्हणाले.

दुकानदाराला हसू आवरेना. "आजी, सायकलवर आपण बसायचं असतं. तिला आपल्यावर बसवायचं नसतं."

पन्नास वर्षांपूर्वी जवळा बाजारच्या सायकलवाल्या उस्मानभाईंनी अगदी हेच म्हटलं होतं. मला नाही, अक्काला. दुकानातल्या त्या सगळ्या चकचकाटात मला अक्का दिसली, खांद्यावर सायकल घेऊन उभी. रेखानं विचारलं, "मावशी, बरं वाटत नाही का?" म्हटलं, बरं वाटतंय, जरा पाणी दे.

अक्का म्हणजे अनसूया खिल्लारे, शिरड शहापूरची नर्सबाई. मी तिथल्याच शाळेत मास्तरीण. तेव्हा आपला जिल्हा परभणी, हिंगोली नुसता तालुका. आम्ही दोघींनी मिळून दोन खोल्या भाड्यानं घेतल्या होत्या. ती माझ्याहून सहा-सात वर्षांनी मोठी, डोंगरकड्याची, बौद्ध घरातली. मी वसमतकडच्या शेतकऱ्याची लेक. आमची चूल एकच आहे हे कळल्यावर माझ्या आईनं सहा महिने माझ्या पत्राला उत्तर दिलं नाही. म्हटलं, नको देऊ. अक्काच्या हातची भाकरी खाल्ल्यावर मला कुणाच्या पत्राची पर्वा नव्हती. खोटं बोलतेय. पर्वा होती, पण भाकरी सोडवत नव्हती.

अक्का बोलायला कमी आणि कामाला वाघीण. स्टोव्हवर एका पातेल्यात सुया उकळत आणि त्याच पातेल्याशेजारी चहा. त्यामुळे आमच्या चहाला कायम स्पिरिटचा वास. मी नाक मुरडलं की म्हणायची, "पी गं मुकाट्यानं, पोटातले जंतू मरतेत." घरातून निघताना "येते" असं ती कधी म्हणाली नाही. "आलेच" म्हणायची आणि दुसऱ्या दिवशी उगवायची. माझी वाट बघू नको, जेवून घे, ही तिची रोजची ताकीद. तिच्या थैलीत कात्री, दोरा, कापूस, साबणाची वडी आणि मूठभर भाजलेले शेंगदाणे. नवऱ्याचा विषय मी एकदाच काढला. "बराबर न्हवता तो," एवढंच म्हणाली आणि दाणे सोलत बसली. मीही पुन्हा विचारलं नाही.

आणि एक सवय. भीती वाटली की अक्का केस विंचरायची. चेहऱ्यावर काही दिसायचं नाही, पण फणी बाहेर आली की मी समजायचे, आज काहीतरी जड आहे. अडलेल्या बाळंतिणीचा निरोप आला की आधी दोन मिनिटं फणी, मग थैली.

तिच्याकडं सात गावं होती आणि डोंगरातला एक तांडा. गावांना सडक नाही तर गाडवाट तरी होती. तांड्याची वाट मात्र कुणाच्या बापाला जमली नाही. आधी दोन मैल काळं रान. मग ओढ्यापर्यंत जाणारा उतार, दुष्काळी कामावर बायाबापड्यांनी खडी फोडून टाकली आणि पुढं कुणी दाबली नाही असा. मग ओढा, आणि पलीकडं चढ. तांड्यावरच्या बाया अक्काला "याडी" म्हणायच्या, त्यांच्या बोलीत आई. आरशांची, रंगीत दोऱ्यांची एक पिशवी त्यांनी तिला शिवून दिली होती. ती तिच्या सायकलच्या हँडलला लटकत असे.

ती पहिली सायकल मी पसंत केली होती. हे आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढचं सगळं नीट कळेल. अक्काला सायकल घ्यायची होती तेव्हा मी मोठ्या तोऱ्यात सोबत गेले. बायकांची, बिनदांडीची, हिरवीगार सायकल. साखळीला पूर्ण कव्हर, मागच्या चाकाला जाळी, दोन्ही चाकांवर लांब मडगार्ड. अक्का कुरकुरली होती, "लई सामान हाय गं हिला." मी म्हटलं, "अक्का, शोभून दिसतेस. पातळ खराब व्हायचं नाही." माझ्या शब्दाखातर तिनं घेतली.

काळ्या मातीची जात ज्याला माहीत आहे तो इथंच ओळखेल काय झालं असेल. पावसाची झड होऊन गेली की ती माती चाकाला धरते. चाक मडगार्डाखालून फिरताना ती आत ठासून बसते, आणि मग चाक फिरत नाही. त्या वर्षी दिवाळीच्या आधी तांड्यावरून निरोप आला. मथुरी नावाची पोरगी, पहिलटकरीण, सकाळपासून अडली होती. अक्का निघाली. काळ्या रानात चाकं भरली, तिनं काडीनं वरवरची माती काढली, घाई होती, आणि उतारावर सायकल सोडली. अर्ध्या उतारावर पुढचं चाक गच्च अडकलं. अक्का हँडलवरून खडीत जाऊन पडली. डावं मनगट मोडलं, खुब्याला मार बसला. गुराख्यांना दिसेपर्यंत तीन तास ती तिथं पडून होती. तिकडं तांड्यावर मथुरी वाचली, तिचं लेकरू वाचलं नाही.

मनगट जुळलं. खुबाही बरा झाला, पावलात थोडी लचक राहिली. पण अक्का पुन्हा सायकलवर बसली नाही. तालुक्याच्या साहेबांनी तिला दवाखान्यात टेबलावर बसवलं, रजिस्टरं लिहायला. दोन वर्षं ती खाली मान घालून लिहीत राहिली. हिरवी सायकल तिनं विकली, कुणाला ते मी विचारलं नाही. तिनं मला एका शब्दानं दोष दिला नाही, आणि तेच मला खात होतं. रोज संध्याकाळी वाटायचं, आज बोलून टाकू. तोंड उघडलं की भाजीला मीठ कमी पडलंय, असंच काहीतरी बाहेर यायचं.

तिसऱ्या वर्षी थंडीत मथुरीचा सासरा बाजाराला आला आणि वाट वाकडी करून आमच्या दारात उभा राहिला. म्हातारा बसायला तयार नाही. म्हणाला, "पोरीला पुन्हा दिवस गेलेत. सातवा चालू हाय. ती म्हणती, याडी येत असंल तर मी भेणार न्हाई. काय सांगू तिला?"

अक्कानं फणी काढली. मी म्हाताऱ्याला पाणी दिलं, त्यानं ते पिऊन तांब्या पालथा घातला, तरी ती विंचरतच होती. शेवटी म्हणाली, "सांग, येते म्हणून." आयुष्यात पहिल्यांदा मी तिच्या तोंडून "येते" ऐकलं.

पुढच्या बाजारी आम्ही जवळा बाजारला गेलो. उस्मानभाईंचं सायकलचं दुकान कापसाच्या गाड्या उभ्या राहतात त्याच्या अंगाला होतं. भाई हाडाचे सज्जन आणि जिभेचे तिखट. त्यांनी लगेच एक नवीकोरी लेडीज सायकल पुढं केली. "बाई, ये देखो. मक्खन जैसी चलती." अक्कानं ती चालवून पाहिली नाही. वाकली, दोन्ही हातांनी धरली आणि खांद्यावर घ्यायला गेली. बिनदांडीची सायकल खांद्यावर बसेच ना, घसरून पाठीवर आदळायला लागली. अक्कानं ती ठेवली. दुसरी उचलली. मग दांडीची, म्हणजे पुरुषांची, चोवीस इंची उचलली, ती जड. बाजार बाजूला ठेवून माणसं गोळा झाली. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

उस्मानभाई कमरेवर हात ठेवून म्हणाले, "अवो बाई, सायकल पे आदमी बैठता. आदमी पे सायकल नै बैठती."

"आमच्या वाटेला दोन्ही करावं लागते, उस्मानभाई," अक्का म्हणाली. "जिथं ती मला नेईल तिथं नेईल. जिथं भ्याव वाटंल तिथं मी तिला नेईन. उचलली पाहिजे, बास."

भाई हसायचे थांबले. आत जाऊन त्यांनी एक जुनी, बावीस इंची, दांडीची सायकल आणली. रंग उडालेला, पण चौकट सरळ. अक्कानं दांडीखाली खांदा घातला, सायकल उचलली आणि कापसाच्या गाड्यांना एक वेढा घालून परत आली. दम लागला नव्हता. "हीच," म्हणाली. मग सांगायला लागली, "मडगार्ड काढा. चेनकव्हर काढा. ष्ट्यांड काढा."

"फिर बचा क्या, बाई?"

"जेवढं लागते तेवढं."

भाई घंटीही काढायला लागले तेव्हा अक्कानं त्यांचा हात धरला. "ती ऱ्हाऊ द्या. आतमदी बाई कळा सोसून राहती. तिला दुरून कळलं पाहिजे, आपलं माणूस येऊन राहिलं." उस्मानभाईंनी घंटी काढून पुसली, तेल दिलं आणि पुन्हा घट्ट बसवली.

सायकल आली, पण दांडीवरून पाय टाकणार कसा? अक्काची नोकरीतली पांढरी सहावारी. त्या काळी पंजाबी ड्रेस घालून खेड्यात हिंडायची सोय नव्हती. मी म्हटलं, नऊवारी. कासोटा घातला की पाय मोकळे. आईचं एक जुनं हिरवं लुगडं माझ्याजवळ होतं, ते दिलं. अक्कानं आयुष्यात कासोटा घातलेला नव्हता. तिनं घातलेला कासोटा शाळेच्या मैदानावर दुसऱ्या पायडलालाच सुटला. मी पोट धरून हसले, आणि खरं सांगते, तीही हसली. दोन वर्षांनी हसली.

नेमकी त्याच आठवड्यात आई आली. रुसवा संपला होता, पण सोवळं संपलं नव्हतं. आल्या आल्या तिनं स्वतःची घागर वेगळी भरली, स्वतःची भाकरी वेगळी थापली. अक्कानं पाहिलं आणि स्वतःचं पातेलं मुकाट्यानं बाजूला घेतलं. मला आईचा असा राग आला की दोन दिवस मी तिच्याशी धड बोलले नाही. तिसऱ्या दिवशी पहाटे अक्का लुगड्याशी झगडत होती. आई अंथरुणावरून बघत होती. कासोटा तिसऱ्यांदा निसटला तेव्हा आईला राहवेना. ताडकन उठली. "असा घालत्यात व्हय गं कासोटा? लुगडं माझं, आन अशी दशा? हिकडं ये!" तिनं अक्काला स्वतःसमोर उभी केली, निऱ्या केल्या, सोगा पायांतून मागं ओढला आणि पाठीला असा खोचला की अक्का जागची हलली. "आता पळ. पळ म्हणते ना! सुटला तर नाव सांगणार न्हाई." अक्का अंगणात पळाली. कासोटा सुटला नाही. त्या सकाळी आई आमच्या पातेल्यातला चहा प्याली आणि म्हणाली, "कसला गं वास येतोय ह्याला?"

साहेब तपासणीला आले तेव्हा हिरवं लुगडं बघून भडकले. "हा काय गणवेश झाला?" अक्का म्हणाली, "साहेब, पांढरा एप्रन थैलीत हाय. तांड्यावर पोचले की घालते. पण आधी पोचायला पाहिजे ना." साहेबांनी तिला टेबलावरून सोडलं. वर म्हणाले, पडलीस तर जबाबदारी तुझी.

सरळ वाटेवर तिची सायकल आठ दिवसांत मार्गी लागली. उतारावर मात्र पाय आपोआप खाली यायचा. ओढ्याच्या उताराच्या टोकाशी आम्ही रोज सकाळी जायचो. ती यायची, थांबायची, उतरायची. मी म्हणायचे, "अक्का, सोड ना, काही होत नाही." ती म्हणायची, "सोडायला जाते गं, हातच ब्रेक दाबतो." मथुरीचे दिवस भरत आले तसतशी मला झोप येईना. वाटायचं, ही उताराशी अडणार, आणि पुन्हा तेच होणार, माझ्या त्या हिरव्या सायकलपायी.

निरोप आला तो नेमका अवकाळी पाऊस पडून गेलेल्या दिवशी, दुपारी. मी शाळा सोडून तशीच पळत निघाले. अक्का पुढं सायकलवर, मी काळ्या रानातून चपला हातात घेऊन मागं. चाकांना माती धरत होती आणि आपली आपण गळून पडत होती, अडायला वर काही नव्हतंच. मी पोचले तेव्हा अक्का उताराच्या टोकाशी उभी होती. सायकल आडवी, हातात फणी.

माझा धीर सुटला. भलत्या वेळी, भलत्या ठिकाणी मी ओरडून बोलले, "अक्का, ती सायकल मी घ्यायला लावली होती! माझ्यामुळं पडलीस तू!"

तिनं वळून पाहिलं. केसांतून फणी काढली. "पसंत तू केली गं कमल. पण माती कुणी काढली न्हाई? म्या. घाई केली." मग म्हणाली, "आज न्हाई करनार."

तिनं फणी थैलीत टाकली, दांडीखाली खांदा घातला आणि सायकल उचलली. मी बघतच राहिले. इतके दिवस मला वाटत होतं, तिची भीती जायला पाहिजे, मग ती उतार उतरेल. तिनं ती सायकल उस्मानभाईंच्या दुकानातच ह्या उतारासाठी पारखून घेतली होती, भीतीसकट. लचकत, पावलापुढं पाऊल ठेवत, खडीत टाच रोवत ती खाली गेली. ओढ्यातून गुडघाभर पाण्यानं पलीकडं गेली. तिथं सायकल टेकवली, पाय टाकला आणि चढाला लागली. थोड्या वेळानं झाडीआडून घंटी ऐकू आली. एकदा, दोनदा, मग सारखीच. मी त्या चिखलात बसून रडले.

दुसऱ्या दिवशी शाळा सुटायच्या सुमारास ती आली. लुगड्याला वाळलेला चिखल, डोळे लाल. दारातूनच म्हणाली, "पोरगी. रडती अशी की तांडा उठला." मग तिनं स्टोव्ह पेटवला आणि एका पातेल्यात सुया टाकल्या, दुसऱ्यात चहा.

त्या सायकलवर अक्कानं पुढं तीन-साडेतीन वर्षं तांडा केला. तो उतार ती कधीच सायकलवरून उतरली नाही, एकदाही नाही. लोक हसायचे. तिला त्याचं काही नव्हतं.

मग तिची बदली झाली, तिच्या डोंगरकड्याकडं. तिच्या आईची तब्येत बरी नव्हती, तिनंच मागून घेतली होती. मला महिनाभर राग होता. सामान आदल्या दिवशी बैलगाडीनं गेलं. ती म्हणाली, मी सायकलनं जाते, तांड्यावरून जाते, मथुरीच्या पोरीला बघून. म्हटलं, जा. उतारापर्यंत मी सोबत गेले. मी मनात कितीतरी घोकून ठेवलं होतं. तुझ्यावाचून मला त्या खोल्या खायला उठतील, हे सांगायचं होतं. तेव्हा सांगितलं नाही, आता सांगतेय, आणि उठल्याच त्या.

उताराशी तिनं माझ्या हातात मूठभर शेंगदाणे दिले. "आलेच," म्हणाली. सायकल खांद्यावर घेतली. माझ्या आईच्या लुगड्याचा कासोटा घट्ट खोचलेला, हँडलला आरशांची पिशवी. खाली गेली, पाणी ओलांडलं, पलीकडं सायकलवर बसली. तिनं मागं वळून पाहिलं नाही. ती पाहणार नाही हे मला माहीत होतं. मग झाडीआडून घंटी वाजली. एकदा, दोनदा, मग सारखी, दूर जाईपर्यंत.

आपलं माणूस येऊन राहिलं, हे सांगायला ठेवलेली घंटी. जाताना तिनं ती काहून वाजवली, हे मला तिला विचारायचं होतं. दोन पत्रं आली, मग तीही थांबली. त्या दिवशी उताराशी मी किती वेळ उभी होते कुणास ठाऊक. हातातले दाणे तसेच होते, आणि घंटी ऐकू येईनाशी झाल्यावरही मला ती ऐकू येत होती.